गाडीचे रूप आणि बसणाऱ्याचे माप

कापडाचे थान हाती आले की दोन बोटांत धरून त्याचा पोत पाहावा, उजेडाकडे करून वीण पाहावी आणि मगच भावाची गोष्ट काढावी, ही आपल्या घराघरांतून चालत आलेली रीत आहे. धान्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरल्यावाचून अडतीवर सौदा होत नाही. अशाच घरात मोटारसायकल घ्यावयाची वेळ आली, की ही सारी परीक्षा कोठल्या कोठे जाते. मुलाने मोबाईलवर चित्र पाहून गाडी पक्की केलेली असते, वडिलांनी ती न पाहताच नाकारलेली असते, आणि जिला रोज मागे बसावयाचे आहे तिला कोणी विचारलेलेच नसते.

मग बोलाचाली होते. "ती दूधवाल्याची गाडी मला नको," असे मुलगा म्हणतो. "तुझ्या गाडीची शेपटी विंचवासारखी वर कशाला?" असे वडील विचारतात. हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, तेव्हा त्याला तोड नाही, असे म्हणून घरातील एखादे समजूतदार माणूस दोघांनाही गप्प करते. माझे मत थोडे निराळे आहे. या वादाचा निम्म्याहून अधिक भाग मापाचा असतो. हात कोठे जातो, पाय कोठे टेकतो, पाठ किती वाकते आणि मागच्या माणसाला जागा किती उरते, या चार गोष्टींवरूनच गाडीचे रूप ठरते. ते रूप आवडले म्हणजे ही चार मापेही मान्य केली, एवढे घेणाऱ्याच्या ध्यानात नसते.

आपल्याकडील जुनी मोटारसायकल घरातील सर्वांची असे. राजदूत असो, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेली जावा असो, की मद्रासेत १९५५ पासून जुळणी होऊ लागलेली बुलेट असो; सकाळी तिच्यावरून वसुलीस जावयाचे, दुपारी टाकीवर नमुन्यांची पिशवी ठेवून आसपासची गावे करावयाची आणि संध्याकाळी मागे घरच्या मंडळींना बसवून लग्नकार्यास जावयाचे, असा तिचा दिनक्रम. स्वभावाने या गाड्या अगदी भिन्न होत्या. जावाच्या एकाच दांड्याने किकही मारीत आणि गिअरही बदलीत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, त्यामुळे दुसऱ्या गाडीची सवय असलेला पाहुणा बुलेट घेऊन निघाला की पहिल्या चौकापर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे. बसण्याची रीत मात्र सर्वांची जवळजवळ एकच होती. पाठ ताठ, कोपर सैल, पायाचे तळवे गुडघ्यांच्या बरोबर खाली.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली तिची धाकटी बहीण स्प्लेंडर. या गाड्यांवर नजर टाकली तर एकही भाग केवळ शोभेसाठी बसविलेला दिसत नाही. सीट लांब आणि सपाट, कारण तीवर कधी दोन माणसे तर कधी एक माणूस आणि साड्यांचे खोके. साखळीवर पत्र्याचे बंद आवरण, कारण पांढऱ्या पायजम्याला वंगणाचा डाग पडला तर तो निघत नाही. मागे धरावयास कठडा, डाव्या अंगाला साडीगार्ड. खाली डबल स्टँड, कारण एका बाजूस कललेल्या गाडीवर माल बांधता येत नाही. हे चित्र कोणी भिंतीवर लावले नसेल. मला मात्र ही गाडी देखणी वाटते. अडकित्ता किंवा तराजू देखणा वाटतो त्या अर्थाने. ज्या कामाला केला त्या कामाचाच आकार त्याला आलेला असतो.

मग हे रूप बदलले कशाने? तरुणांच्या लहरीने, असे सहज म्हटले जाते. मला दुसरे कारण अधिक सबळ वाटते. बिनगिअरची स्कूटर घराघरांत आली आणि मोटारसायकलीच्या अंगावरची घरची कामे उतरली. भाजी, शाळेचे दप्तर, गॅसची शेगडी दुरुस्तीस नेणे, सासूबाईंना दवाखान्यात पोहोचविणे, हे सारे स्कूटरने घेतले. तिच्या पायाशी पिशवी ठेवावयास जागा होती आणि तीवर बसावयास टांग टाकावी लागत नव्हती. घरकामातून सुटलेली मोटारसायकल मग एकाच माणसाची झाली आणि त्या एकाच माणसाच्या मापाने बेतली जाऊ लागली. २००१ साली पल्सर आली तेव्हा जाहिरातीत ती उघडपणे पुरुषाची गाडी म्हणून मांडली गेली होती. २००८ साली यामाहाची आर १५ आली आणि शर्यतीच्या गाडीचे रूप महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिले. २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० आली, तीही कोठून परदेशातून नव्हे, पुण्याजवळच्या चाकणहून.

या टोकदार रूपाचे मूळ मात्र आपल्याकडचे नाही. सुझुकी या जपानी कंपनीसाठी हान्स मूथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेखाटलेली काताना १९८० साली जर्मनीत कलोन येथील प्रदर्शनात मांडली गेली. काताना म्हणजे जपानी तलवार. पुढचा दिवा, टाकी आणि सीट हे तीन वेगळे भाग जोडल्यासारखे न दिसता एका रेषेत वाहत गेलेले दिसावेत, ही त्यामागची कल्पना होती. पुढे १९९३ मध्ये इटलीच्या डुकाटी कंपनीने मिगेल गालुझी यांनी रेखाटलेली मॉन्स्टर बाजारात आणली. तिने उलट मार्ग धरला. वरची झाकणे काढून टाकली आणि इंजिन, सांगाडा, टाकी उघडी ठेवली. आजच्या रस्त्यावरील बहुतेक तरुण गाड्या या दोन घराण्यांच्या लेकी-सुना आहेत. ऑस्ट्रियातील किस्का या संस्थेने केटीएमच्या गाड्यांना जे कोनाकोनांचे रूप दिले, त्यात उघडा सांगाडा मॉन्स्टरसारखा आहे आणि पुढे झुकलेला आवेश कातानाची आठवण देणारा.

ज्येष्ठांना या गाड्यांचा 'चेहरा' खटकतो, हे मी अनेकदा ऐकले आहे. पूर्वीचा गोल दिवा डोळे उघडे ठेवून पाहत असे, आताचे दिवे डोळे बारीक करून पाहतात, ही एका सराफांची तक्रार मला फार मार्मिक वाटली. (दिव्यावरून आठवले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचे बटणच नसते. तरीही भर दुपारी समोरून येणारे सद्गृहस्थ हाताची बोटे मिटून-उघडून "दिवा चालू आहे" असे अजून सांगत असतात. त्यांच्या भलेपणाला नमस्कार करून पुढे जावे.)

चेहऱ्याची आवड ज्याची त्याची. शेपटीचे तसे नाही. शर्यतीच्या धर्तीच्या गाडीत हँडल खाली आणि पुढे असते, फूटरेस्ट मागे आणि वर असतात, त्यामुळे स्वार टाकीवर ओणवा होतो. याला सबळ कारण आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. म्हणून अंग आडवे करून वाऱ्यासमोरचा पसारा कमी करावयाचा. शिवाय त्या वेगाला समोरचा वाराच छातीला आधार देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. वजन पुढच्या चाकावर आल्याने वळणात ते चाक घट्ट धरून राहते. जड भाग मध्याजवळ गोळा करावयाचे म्हणून मागचा भाग आखूड आणि वर उचललेला. म्हणजे विंचवाची ती शेपटी उगाच नाही.

आता हीच गाडी बाजारपेठेत आणा. वेग तीस, फार तर चाळीस. छातीला आधार देणारा वारा येथे नाहीच. तो सारा भार मनगटांवर, मानेवर आणि कमरेवर उतरतो. दर पन्नास पावलांना क्लच दाबावयाचा तोही त्याच दुखऱ्या हाताने. बावीस वर्षांचे शरीर हे सोसते आणि त्याला ते कळतही नाही. ज्याला रविवारी पहाटे घाटात जावयाचे आहे त्याने अशी गाडी जरूर घ्यावी, तिच्यासारखा आनंद दुसरी देणार नाही. परंतु दिवसभर पेठेतून बँकेत आणि बँकेतून गोदामात जाणाऱ्याने ती घेतली तर तो तिचे सारे कष्ट भोगतो आणि सुख एकही घेत नाही.

मागे बसणाऱ्याचे तर विचारूच नये. माझ्या परिचयाचे एक कापड व्यापाऱ्यांचे घर आहे. घरात दोनच माणसे उरली, आई आणि मुलगा. मुलाने जुनी सपाट सीटची गाडी मोडीत देऊन आर १५च्या धर्तीची, दोन तुकड्यांच्या सीटची गाडी घेतली. गाडी उत्तम, मुलगाही जबाबदार. रांगेत उभे राहूनच पेट्रोल भरणारा. आईच्या गुडघ्यांना मात्र त्या मागच्या उंच बैठकीवर चढणे जमेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा तिने "तूच जाऊन ये" म्हटले. मग मंगळवारचा बाजार सुटला, मावशीकडचे जाणे सुटले. याला आठ महिने झाले. मुलाला वाटले, आईला आताशा बाहेर जावेसे वाटत नाही. आईने काही सांगितले नाही, कारण मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली ती पहिली वस्तू होती. या गोष्टीचा शेवट मला ठाऊक नाही. त्या अजूनही शेजारणीबरोबर रिक्षाने जातात, एवढे दिसते.

ही एका घराची कहाणी नसावी, असे कंपनीच्याच वागण्यावरून म्हणता येते. आर १५ प्रथम आली तेव्हा तिची सीट एकसंध होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा वर गेला. तरुण खूश झाले. २०१५ साली कंपनीने आर १५ एस या नावाने पुन्हा एकसंध सीटची गाडी काढली, आणि २०२१ मध्ये पुढच्या आवृत्तीतही तसेच केले. पल्सर १५० चे उदाहरणही असेच बोलके आहे. २०१८ साली तिच्या दोन डिस्क ब्रेकच्या प्रकाराला दोन तुकड्यांची सीट मिळाली, साध्या प्रकाराची सीट एकसंधच राहिली. दुकानदारीतले आपण लोक याचा अर्थ चटकन समजतो. एक माल खिडकीत मांडावयाचा आणि दुसरा आतल्या फळीवर ठेवावयाचा, कारण गिऱ्हाईक पाहते एक आणि नेते दुसरे.

येथेच साडीगार्डविषयी बोलले पाहिजे. नवी गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी ते जाळीदार लोखंड काढून माळ्यावर टाकणारे तरुण पुष्कळ. त्याने गाडीची रेषा बिघडते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. उघड्या सांगाड्याच्या गाडीवर साडीगार्ड हे सुटाबुटावर बांधलेल्या उपरण्यासारखे दिसते. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी तीन गोष्टी सक्तीच्या करतो: धरावयास कायम मूठ, पाय ठेवावयास फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकील असे आवरण, जेणेकरून कपडे चाकात गुंतू नयेत. उघडी साखळी, उघडे चाक आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी या तिघांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे शब्दांत मांडण्याची गरज नाही. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसतात. ही बसण्याची रीत तोलाच्या दृष्टीने मुळातच अवघड. त्यात बैठक चार बोटे रुंद, मागे उतरती आणि धरावयास काही नाही, अशी स्थिती असेल तर एका खड्ड्याचा अवकाश असतो. ते लोखंड माळ्यावरून खाली काढून पुन्हा बसवावे, हे मी आग्रहाने म्हणेन.

आता वडिलांच्या बाजूकडे वळू. मुलाची गाडी दिखाऊ आणि आपली ती साधी, असे त्यांना वाटते. आपल्याला गोल दिवा आणि थेंबाच्या आकाराची टाकी आवडते, म्हणजे आपण रूपाच्या मोहात पडत नाही, अशीही त्यांची समजूत असते. ती खरी नव्हे. रॉयल एनफिल्डने २००९ साली क्लासिक आणली, ती जुनी गाडी नव्हती. जुन्या गाडीचा पोशाख केलेली नवी गाडी होती. २०१८ मध्ये जावाचे नाव परत आले आणि २०२२ मध्ये येझदीचे, तेव्हाही तेच. आत इंधनाचे इंजेक्शन, डिस्क ब्रेक, एबीएस, आणि वर आजोबांच्या काळचा मुखवटा. मुखवटा सुरेखच आहे. पण ज्याला स्मृतीसाठी पैसे मोजावयाचे आहेत त्याने धारेच्या मोहाला पैसे मोजणाऱ्यास हसू नये.

रूप आणि माप यांचे नाते समजून घ्यावयाचे तर याच कंपनीच्या तीन गाड्या शेजारी उभ्या कराव्यात. इंजिन तिघींचे एकच, ३४९ घनसेंटिमीटरचे. एका थानातून तीन शिंप्यांनी तीन कपडे बेतावेत तसा प्रकार. २०२०ची मीटिअर: सीटची उंची ७६५ मिलिमीटर, पाय पुढे सोडलेले, हँडल अंगाकडे वळलेले, आरामखुर्चीत बसल्यासारखी बैठक. २०२१ची क्लासिक: उंची ८०५, वजन १९५ किलो, बैठक ताठ, देवडीवर बसलेल्या शेठजींसारखी. २०२२ची हंटर: उंची ७९०, वजन १८१, चाके लहान, हँडल सपाट, स्वार किंचित पुढे. ज्याला मीटिअर सुखाची वाटते त्याला हंटर चिंचोळी वाटते, आणि हंटरवाल्याला मीटिअरवर बसून लोळल्यासारखे वाटते. दोघेही खरे बोलत असतात. उंच माणसाचे गुडघे हंटरवर वर येतात. ठेंगण्या माणसाचा हात मीटिअरच्या वळणावर पुरत नाही. ज्याची कंबर दुखते त्याला पाय पुढे सोडून बसण्याने आराम पडेल असे वाटते, पण खड्ड्यात तशा बैठकीचा सारा हादरा सरळ माकडहाडावर येतो, कारण पायांवर उभे राहून तो झेलता येत नाही. अशी ही देवाणघेवाण असते. फुकट काहीच मिळत नाही.

वजनाचा विचार तर कोणी करीतच नाही. स्प्लेंडर ११२ किलोंच्या आसपास, क्लासिक १९५. फरक ८३ किलोंचा. पन्नास किलोचे साखरेचे पोते आणि वर तांदळाचा तीसचा कट्टा. गाडी धावू लागली की हे वजन जाणवत नाही, उलट रस्त्यावर घट्ट बसल्यासारखे वाटते. म्हणूनच विक्रेता चक्कर मारावयास सांगतो. पण जुन्या पेठेतील घराच्या बोळातून रोज सकाळी गाडी उलटी ढकलत काढावयाची आहे, उंबऱ्यावर फळी टाकून आत घ्यावयाची आहे, तेथे ते वजन जाणवते. चक्कर मारण्याआधी इंजिन बंद ठेवून ती गाडी दहा पावले मागे ढकलून पाहावी. पुष्कळांचा निर्णय तेथेच बदलेल.

उंच, 'साहसी' म्हटल्या जाणाऱ्या गाड्यांविषयी थोडक्यातच लिहितो. खराब रस्त्यांसाठी त्या खरोखर चांगल्या. हँडल रुंद, पाठ सरळ, पोटाखाली जागा भरपूर. पण २०२३च्या हिमालयन ४५० ची सीट खालच्या जागी बसविली तरी ८२५ मिलिमीटर आहे. चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फच्या दोन भावंडांपैकी स्पीड ४०० ची उंची ७९० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्सची ८३५. इंजिन तेच, पण साडेचार सेंटिमीटरच्या फरकाने एखाद्या माणसाचे दोन्ही पाय अधांतरी लोंबतात. चढावर, वाळूवर, गर्दीत थांबताना पाय पुरला नाही की गाडी सावकाश कलंडते आणि तिला कोणी सावरू शकत नाही.

यासाठी घरच्या घरी माप घ्यावे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याची खतावणी, आपल्या घरात तिला तोटा नाही, दोन पायांमधून भिंतीला काटकोनात धरून वर सरकवावी आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. समजा ७६० मिलिमीटर आले. म्हणजे ७९०ची गाडी चालणार नाही असे नाही. बुटाचा तळ दोन-अडीच सेंटिमीटर देतो. बसल्यावर स्प्रिंगा थोड्या दबतात, तेही जमेस. खर्चाच्या बाजूस सीटची रुंदी. पुढे रुंद असलेली सीट मांड्या फाकविते आणि मिळाले तेवढे परत घेते. म्हणूनच कागदावर कमी उंचीची दिसणारी एखादी गाडी प्रत्यक्षात उंच निघते, आणि चिंचोळ्या कमरेची उंच गाडी सोयीची पडते. आकडा पाहून यादी लहान करावी, निवड बसूनच करावी. घरातील मुली-सुनांना मोटारसायकल चालवावयाची असेल, आणि अलीकडे असते, तर हे माप त्यांचेही घ्यावे. "बायकांना जमत नाही" असे म्हणून जी गाडी त्यांच्या हातातून काढून घेतली जाते, ती पुष्कळदा केवळ तीन बोटे उंच असते.

थोडे कमी-अधिक असेल तर दुरुस्ती होते. सीटचे काम करणारा चांगला कारागीर आतला फोम तासून देतो. तासताना फार पातळ केला तर खालचा टणक तळ टोचतो, म्हणून एकदम न तासता बसून बसून घ्यावा. हँडल किंचित वर आणणारे तुकडे मिळतात. मात्र ते बसविल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायरी ताणत नाहीत ना, हे पाहावे. मागचे शॉक अॅब्झॉर्बर बदलून गाडीच खाली करणे मला पसंत नाही. त्याने साइड स्टँडचा कोन बिघडतो, वळणात खालचे भाग घासतात, आणि कंपनीने नोंदविलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अडसर आहे, ते वेगळेच.

बसण्याबरोबर अंगावरच्या वस्तूंचेही माप आले. आपल्या अनेक घरांत चामडे वापरत नाहीत, आणि स्वारीचे जाकीट म्हणजे चामड्याचेच, अशी समजूत असल्यामुळे तरुण ते न घेताच हिंडतात. तसे करण्याचे कारण उरलेले नाही. जाड विणीच्या कृत्रिम धाग्यांची, जाळीदार, खांद्या-कोपरांवर प्रमाणित संरक्षक गाद्या असलेली जाकिटे आता सहज मिळतात आणि आपल्या उन्हाळ्यात तीच बरी. हातमोज्यांत मात्र फसगत होते. वरून कापडी दिसणाऱ्या मोज्याच्या तळव्याला पुष्कळदा बकऱ्याचे चामडे असते. आतली पट्टी वाचावी. ओणव्या बैठकीच्या गाडीसाठी जाकीट घेताना उभे राहून न पाहता हात पुढे करून वाकून पाहावे, नाहीतर पाठ उघडी पडते.

दुकानात जाताना नेहमीच्या कपड्यांत जावे, आणि ज्याला किंवा जिला मागे बसावयाचे आहे त्यांना बरोबर न्यावे. साडीत बसावयाचे असेल तर साडी नेसून. दोघांनी गाडीवर दहा मिनिटे तरी बसून राहावे. दोन मिनिटांत कोणतीच सीट वाईट वाटत नाही. विक्रेता घाई करील, रंग दाखवील, हप्ता सांगेल. त्याला डबल स्टँड आहे का, नसेल तर बसवून मिळेल का, साडीगार्ड कोणत्या बोल्टवर बसते, हे विचारावे. चुळबुळ करील, पण सांगेल. मागे चढताना त्यांनी कोठे हात टेकला, तो स्वाराच्या खांद्यावर की गाडीच्या मुठीवर, आणि उतरल्यावर त्या काय म्हणाल्या, हे लक्ष देऊन ऐकावे. काहीच म्हणाल्या नाहीत तर पुन्हा एकदा विचारावे.

हेल्मेटच्या मापाविषयी काही वाचकांनी विचारणा केली आहे. डोक्याचा घेर कसा मोजावा, आणि गोल डोके व लांबट डोके यांना एकाच घेराची दोन हेल्मेटे का लागतात, हा विषय पुढील अंकी घेऊ.